भाग दुसऱ्यांदा बघताना



आज मी गुप्तहेरांच्या मालिकांवर बोलणार आहे. आणखी नेमकं सांगायचं तर, अशा मालिकेचा एखादा भाग संपल्यावर बघणारी माणसं आपसांत जे बोलतात, ज्यावरून हमरीतुमरीवर येतात आणि शेवटी दहापैकी अमुक गुण देऊन मोकळी होतात, त्या बोलण्यावर मला बोलायचं आहे. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, अर्थकारणावर, राज्यघटनेवर व्याख्यानं झाली आहेत. त्यांच्या रांगेत हा विषय शोभेल का, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. माझं उत्तर स्पष्ट आहे: शोभेल. रसिकता म्हणजे काय, न्याय्य म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणावं, हे प्रश्न आपल्याकडच्या साध्या प्रेक्षकानं कुठल्या शाळेत सोडवले असतील, तर ते इथे.

जरा विचार करून बघा. गाणं ऐकून आपण 'वा' म्हणतो. विनोदी नाटक बघून हसत घरी जातो. कारण द्यावं लागत नाही आणि कुणी मागतही नाही. पण रहस्यकथेचा भाग संपला आणि तुम्ही म्हणालात, "शेवट काही पटला नाही," की शेजारचा लगेच विचारतो, "का नाही पटला?" झालं! आता तुम्हाला साक्षीपुरावे काढावे लागतात. खिडकी आतून बंद होती की नव्हती? माळी साडेसातला कुठे होता? ते पत्र आपल्याला आधी दाखवलं होतं का? आवडीनिवडीचा मामला म्हणता म्हणता युक्तिवादाचा होतो.

आणि ही सवय टेलिव्हिजननं लावलेली नाही. ती फार जुनी आहे.

१९२७ साली लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकानं एक स्पर्धा जाहीर केली होती. शेरलॉक होम्सच्या, तोवर पुस्तकरूपानं आलेल्या कथांमधून सर्वोत्तम बारा निवडायच्या. खुद्द आर्थर कॉनन डॉयलनं आपली यादी आधीच बंद करून ठेवलेली. ज्याची यादी तिच्याशी सर्वाधिक जुळेल त्याला शंभर पौंडांचं बक्षीस. मला या स्पर्धेचं मोठं अप्रूप वाटतं. लेखक स्वतः आपल्या कथांना क्रम लावतो आणि हजारो वाचक त्याच्याबरोबर त्याच कामाला बसतात! डॉयलनं पहिला क्रमांक दिला 'द स्पेकल्ड बँड'ला, म्हणजे त्या सापाच्या कथेला. भालबा केळकरांच्या अनुवादांतून ज्यांनी होम्स वाचला, त्यांना ती आठवत असेल. कलकत्त्यात डॉक्टरकी करून परतलेला एक संतापी सावत्र बाप, जमिनीला खिळवलेला पलंग, कुठलीही घंटा न वाजवणारा घंटेचा दोर, आणि शेजारच्या खोलीत दुधाची बशी.

दुधाची बशी! ही कथा आपल्याकडे वाचली जाते तेव्हा इथेच वाद सुरू होतो. साप दूध पिऊन जगत नाही, हे आपल्याकडे दर नागपंचमीला सर्पमित्र कळकळीनं सांगत असतात. दोरावरून खाली उतरणारा, शिट्टी ऐकून त्याच दोरावरून वर जाणारा साप? आणि हिंदुस्थानातला सर्वांत जहाल म्हणून डॉयलनं त्याला जे नाव दिलं आहे, त्या नावाचा साप हिंदुस्थानात नाहीच. म्हणजे प्राणिशास्त्राच्या पेपरात ही कथा नापास. तरीही ती पहिली, आणि माझ्या मते तिनं पहिलंच असावं. का? कारण दोर, पलंग, दोन खोल्यांमधला हवेचा झरोका आणि बशी या चारही वस्तू होम्सला दिसल्या तेव्हाच आपल्यालाही दिसल्या. त्याच्या हातात होतं ते सगळं आपल्या हातात होतं. कथेनं सापाविषयी चूक केली, आपल्याशी मात्र ती सरळ वागली.

आता याच यादीबद्दलची दुसरी गोष्ट. 'सिल्व्हर ब्लेझ', म्हणजे रात्री न भुंकलेल्या कुत्र्याची कथा, ही बहुतेक चाहत्यांची लाडकी. डॉयलनं तिला यादीत घेतलंच नाही. कारण? घोड्यांच्या शर्यतींचे नियम आपण त्यात साफ चुकवले आहेत, असं त्यानं मोकळेपणानं सांगितलं. बघा हं, सापाची चूक त्यानं सोडून दिली आणि घोड्याची धरली. लेखकानं स्वतःला दिलेले गुणसुद्धा असे असतात! त्याच्या वाचकांनी या बाबतीत त्याचं ऐकलं नाही, ते बरंच झालं. कुत्रा भुंकला नाही, ही न घडलेली गोष्ट पुरावा म्हणून मांडणं ही रहस्यकथेतली अव्वल दर्जाची करामत आहे. शर्यतीचे नियम चुकल्यानं तिचं काही बिघडत नाही.

आणखी एक आठवण डॉयल सांगत असे. कॉर्नवॉलमधला एक नावाडी त्याला म्हणाला होता, की साहेब, होम्स त्या कड्यावरून पडला तेव्हा मेला नसेलही, पण त्यानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही. १८९३ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड'मध्ये होम्स स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यात नाहीसा झाला होता. पुढे वाचकांच्या रेट्यापुढे डॉयलला तो १९०३ मध्ये जिवंत करून परत आणावा लागला. त्या पुनरागमनावर आजवर बरंच लिहून झालं आहे, पण त्या नावाड्यानं वल्ही मारता मारता जे सांगितलं, त्याहून नेमकं काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

हाच धबधबा धरून मी माझ्या मुख्य उदाहरणाकडे येतो.

बीबीसीची 'शेरलॉक' मालिका आपल्यापैकी तरुण मंडळींनी पाहिली असेल. स्टीव्हन मॉफट आणि मार्क गॅटिस यांनी होम्सला आजच्या लंडनमध्ये आणलं. बेनेडिक्ट कंबरबॅचचा शेरलॉक, मार्टिन फ्रीमनचा जॉन वॉटसन. प्रत्येक भाग दीड तासाचा. १५ जानेवारी २०१२ रोजी दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग दाखवला गेला, 'द रायखेनबाख फॉल'. इथे धबधबा नाही, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाची गच्ची आहे. गच्चीवर शेरलॉक, खाली रस्त्यावर जॉन. दोघांत फोनवर शेवटचं बोलणं. शेरलॉक उडी टाकतो. जॉनच्या आणि आपल्या डोळ्यांसमोर फुटपाथवर रक्तात पडलेला देह. आणि अखेरच्या दृश्यात, आपल्याच कबरीकडे दुरून बघत उभा असलेला जिवंत शेरलॉक!

यानंतर पुढचा भाग यायला जवळजवळ दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत चाहत्यांनी काय केलं? त्यांनी तो भाग पुन्हा बघितला. पुन्हा आणि पुन्हा. त्या रुग्णालयाजवळच्या टेलिफोनच्या लाल पेटीवर शेरलॉकसाठी चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या. हा प्रेमाचा भाग झाला. दुसरा भाग बुद्धीचा, आणि मला त्याचं जास्त कौतुक आहे. शेरलॉक जॉनला बजावतो, आहेस तिथेच थांब. का बजावतो? जॉन आणि फुटपाथ यांच्यामध्ये एक बैठी इमारत आहे. म्हणजे देह जमिनीवर आपटला तो क्षण जॉननं पाहिलेलाच नाही! तो धावत सुटतो तेव्हा एक सायकलवाला त्याला धडकून पाडतो. हा योगायोग की कुणी योजलेला? गच्चीवर जाण्याआधी प्रयोगशाळेत शेरलॉक एक रबरी चेंडू आपटत बसलेला आहे. चेंडू काखेत दाबला तर मनगटाची नाडी थांबल्यासारखी वाटते. रस्त्याकडेला उभा असलेला ट्रक नंतर निघून जातो. शवागारातल्या मॉलीकडे शेरलॉक आदल्या रात्री मदत मागायला गेला होता. कसली मदत, ते आपल्याला कळू दिलेलं नाही.

हे सगळं पहिल्यांदा बघताना कुणाच्या लक्षात आलं असेल? माझ्या नाही, आणि बहुधा तुमच्याही नाही. पहिल्यांदा आपण जॉनच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि तिथेच बघावं अशीच त्या दृश्याची रचना आहे. दुसऱ्यांदा बघताना मात्र नजर मोकळी होते. दुःख ओसरलेलं असतं आणि रस्ता दिसायला लागतो, इमारत दिसते, सायकल दिसते.

मला आज सांगायचं आहे ते हेच. रहस्याच्या भागाचे गुण दुसऱ्यांदा बघताना द्यावेत. पहिल्यांदा आपण चकित झालो की नाही याचे गुण देतो. आपल्याशी प्रामाणिकपणे खेळलं गेलं की नाही, याचे गुण दुसऱ्या खेपेलाच देता येतात. हे दोन आकडे वेगळे आहेत, आणि चाहत्यांमधली निम्मी भांडणं त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतात. एक म्हणतो, "दहा! मी जागेवरून उठू शकलो नाही." दुसरा म्हणतो, "पाच. लेखकानं लबाडी केली." दोघंही खरं बोलत असतात.

प्रामाणिक खेळाची ही कसोटी जुनीच आहे. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यातला एक असा, की गुप्तहेराला जो धागा सापडेल तो तत्काळ वाचकापुढे ठेवला पाहिजे. याच नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्डमध्ये होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला होता आणि धर्मग्रंथांची चिकित्सा करावी तशी त्यातल्या विसंगतींची चिकित्सा केली होती. ती चिकित्सा खेळकर होती, पण तिच्यामुळे चाहत्यांच्या पुढच्या पिढ्यांना बारकाईनं वाचायची शिस्त लागली. 'शेरलॉक'चे चाहते चेंडू आणि सायकल शोधत होते ते याच परंपरेतलं काम होतं.

मग उत्तर काय मिळालं? १ जानेवारी २०१४. भागाचं नाव 'द एम्प्टी हर्स'. सुरुवातीलाच एक झगमगीत स्पष्टीकरण: दोरानं लोंबकळत खिडकीतून आत येणारा शेरलॉक, प्रेतावर चढवलेला मुखवटा, जॉनला संमोहित करणारा जादूगार. आणि मग कळतं, की हा तर्क अँडरसनचा! जो अँडरसन आधी शेरलॉकचा द्वेष करायचा, तो आता पश्चात्तापानं चाहत्यांचा एक गट जमवून बसला आहे आणि ते सगळे उडीचे तर्क लढवताहेत. म्हणजे मालिकेनं तिच्या चाहत्यांनाच मालिकेत आणलं. शेवटी शेरलॉक स्वतः अँडरसनला उलगडा करून सांगतो: हवेनं फुगवलेली मोठी गादी, चेंडू, सायकलवाला, गर्दी म्हणून उभे केलेले ओळखीचे बेघर लोक, आणि या सगळ्यामागे भाऊ मायक्रॉफ्ट. अँडरसनचा चेहरा पडतो. आपण असं केलं नसतं, असं तो म्हणतो. आणि शेरलॉक आपल्याला खरं का सांगेल, ही शंकाही त्याला ग्रासते.

चाहत्यांत यावरून मोठी फूट पडली. काहींना वाटलं, आमची थट्टा केली. मला तसं वाटत नाही. अँडरसनची निराशा लेखकांनी मनापासून लिहिली आहे. दोन वर्षं हजारो डोक्यांनी घडवलेल्या उत्तरांपुढे कुठलंही एक उत्तर तोकडंच पडणार, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते एका पात्राच्या तोंडून कबूल केलं. पण प्रामाणिकपणाच्या कसोटीवर मी काही गुण कापतो. चेंडू आपल्याला दाखवला होता, इमारत दाखवली होती, सायकल दाखवली होती, बेघरांची मदत शेरलॉक घेतो हेही पहिल्या पर्वात दिसलं होतं. पण मायक्रॉफ्ट? 'रायखेनबाख फॉल'मध्ये तो आपल्याला अपराधी, खचलेला भाऊ म्हणून दाखवला गेला. तो कटात सामील होता याचा धागा तिथे सापडणं फार कठीण. गादी इमारतीच्या आड होती हे मान्य, पण भावाचा चेहरा आपल्यासमोर होता, आणि तो चेहरा आपल्याशी खोटं बोलला.

इथे कुणी विचारेल, रहस्य कळल्यावर भाग दुसऱ्यांदा बघायचाच कशाला? रस निघून गेलेला असतो.

जातो का निघून? याचं उत्तर अमेरिकेच्या एका मालिकेनं देऊन ठेवलं आहे. 'कोलंबो'. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांनी निर्माण केलेला, पीटर फॉकनं १९६८ पासून २००३ पर्यंत साकारलेला, चुरगळलेल्या रेनकोटातला पोलीस अधिकारी. या मालिकेत खून कुणी केला हे आपल्याला सुरुवातीलाच दाखवतात. रहस्य पहिल्या वीसपंचवीस मिनिटांत संपलेलं. मग उरलेला वेळ आपण काय बघतो? कोलंबोला कळतं कसं, हे बघतो. म्हणजे या मालिकेचा जवळजवळ प्रत्येक भाग आपण पहिल्यांदाच दुसऱ्यांदा बघत असतो!

१९७३ चा एक भाग घ्या, 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म'. एड्रियन कार्सिनी हा कॅलिफोर्नियातला द्राक्षमळ्याचा आणि मद्यालयाचा कर्ता. डोनाल्ड प्लेझन्सनं तो उभा केला आहे. सावत्र भाऊ तो मळा विकायला निघतो. एड्रियन त्याला बेशुद्ध करून आपल्या मौल्यवान मद्याच्या तळघरात कोंडतो, तिथली वातानुकूलन यंत्रणा बंद करतो आणि दूर न्यूयॉर्कला निघून जातो. भाऊ गुदमरून मरतो. परतल्यावर एड्रियन तो समुद्रातला अपघात भासवतो. सगळं नीट जमतं. पण तो दूर असताना कॅलिफोर्नियात उन्हाचा कहर झालेला असतो आणि बंद तळघर तापलेलं असतं. कोलंबो त्याच तळघरातली एक बाटली गुपचूप उचलतो, उपाहारगृहात एड्रियनच्याच पेल्यात ती ओतायला लावतो, आणि एड्रियन संतापून ओरडतो, की हे मद्य उष्णतेनं नासलं आहे! साऱ्या उपाहारगृहात हे ओळखू शकणारी जीभ एकट्या त्याची. ज्या जाणकारीवर तो आयुष्यभर जगला, तिनंच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली.

चाहत्यांच्या याद्यांत हा भाग वरच्या रांगेत असतो, आणि तो तिथेच शोभतो. पुरावा खुन्याच्या स्वभावातून निघाला आहे. त्यातलं काहीही आपल्यापासून लपवलेलं नाही; तळघराचं बटण बंद होताना आपण पाहिलं होतं.

याउलट १९७१ चा 'मर्डर बाय द बुक'. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, वय अवघं चोवीस. सुरुवातीला रस्त्यावरून गाडी येते आणि ऐकू येतो तो टाइपरायटरचा खडखडाट. दिग्दर्शनाला दहापैकी दहा! पण शेवटी खुनी लेखक पकडला जातो तो कशामुळे? मारल्या गेलेल्या सहलेखकानं टिपून ठेवलेल्या एका कथाकल्पनेमुळे. तो कागद कुठल्या न्यायालयात टिकेल? खुनी कबुली देतो म्हणून प्रकरण मिटतं. मी या भागाला दिग्दर्शनाचे आणि उकलीचे गुण वेगवेगळे देतो. सरासरी काढायला मी तयार नाही.

आता जरा आपल्याकडे येतो. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींचं 'ब्योमकेश बक्षी' आलं. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये निर्माण केलेला सत्यान्वेषी, आणि त्या भूमिकेत रजित कपूर. सोबत के. के. रैना यांचा अजित. त्यातली 'रास्ते का काँटा' ही कथा आठवते? कलकत्त्याच्या भर गर्दीच्या रस्त्यात माणसं कोसळतात आणि त्यांच्या काळजात ग्रामोफोनची पिन रुतलेली सापडते. कुणी मारली, कशातून मारली? मारेकरी सायकलवरून जातो, आणि शस्त्र दडलेलं असतं सायकलच्या घंटीत. रस्त्यावरची घंटी! तिच्याकडे कोण लक्ष देतो? ती वाजते म्हणूनच ऐकू येत नाही.

त्या काळी हा भाग दुसऱ्यांदा बघणार कसा? घरोघरी जपून ठेवायची सोय नव्हती. भाग एकदा दिसला की गेला. मग गुण द्यायचे कसे?

मला असं वाटतं, की तेव्हा दुसऱ्यांदा बघण्याचं काम बोलण्यानं केलं. दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात, बँकेत जेवणाच्या सुट्टीत, कॉलेजच्या कट्ट्यावर चार माणसं जमायची. एकाला घंटी आठवायची, दुसऱ्याला वर्तमानपत्रातली ती विचित्र जाहिरात, तिसऱ्याला अजितचा गोंधळलेला चेहरा. एकट्याला कुणालाच सगळं आठवत नसे. चौघांनी मिळून तो भाग पुन्हा उभा करायचा, तपासायचा, आणि मग म्हणायचं, "नाही, काल चोख काम होतं." त्या 'चोख'मध्ये माझ्या मते फार मोठी समीक्षा आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेल्या वाचकांना ती करायची सवय होतीच. पुस्तक मागं उलटून बघता यायचं, मालिका मात्र माणसांच्या आठवणीतूनच उलटावी लागायची.

'सीआयडी'बद्दल बोललो नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झालेली, वीस वर्षं चाललेली मालिका. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न घराघरांत पोचलेला. तिच्या उकलींना नॉक्स यांची पट्टी लावली तर बरेच भाग पडतील. पण तिचे चाहते तिला ज्या गोष्टीचे गुण देतात ती वेगळी आहे. तीच माणसं, तोच तपासकक्ष, तोच दरवाजा, तो फोडणारा तोच दया. ठरल्या वेळी ओळखीची माणसं भेटण्याचं समाधान ही खरीखुरी गोष्ट आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. फक्त ते गुण उकलीच्या रकान्यात मांडू नयेत.

आणि हे रकाने वेगळे ठेवण्याची निकड जानेवारी २०१७ मध्ये दिसली. 'शेरलॉक'च्या चौथ्या पर्वाचा शेवट, 'द फायनल प्रॉब्लेम'. शेरलॉकला एक बहीण आहे, तिची आठवण त्याच्या मनातून पुसली गेली आहे, ती एका बेटावरच्या तुरुंगात आहे. अनेक चाहते विलक्षण चिडले. मी चिडणाऱ्यांच्या बाजूनं आहे, आणि माझं कारण हे: या भागात आपल्याला तपास करायला काही ठेवलेलंच नाही. कोडी आहेत, पण ती शेरलॉकपुढे टाकलेली आहेत, आपल्यापुढे नाहीत. अभिनय उत्तम, संगीत उत्तम, भावंडांचं दुःख खरं. पण दुसऱ्यांदा बघायला बसलो तर शोधायचं काय? चाहत्यांचा राग मला त्या दृष्टीनं मोलाचा वाटतो. ज्यांना चेंडू आणि सायकल शोधायला शिकवलं, त्यांच्या हातून भिंग काढून घेतलं गेलं आणि त्यांनी तसं ठणकावून सांगितलं.

संयोजकांनी मला माझे आकडे जाहीर करायला सांगितलं आहे, म्हणून सांगतो. 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म': पहिल्यांदा नऊ, दुसऱ्यांदाही नऊ. 'रास्ते का काँटा': आठ, आणि घंटी ओळखू यायला लागल्यावर नऊ. 'द रायखेनबाख फॉल': पहिल्यांदा दहा, मायक्रॉफ्टचा चेहरा पुन्हा पाहिल्यावर आठ. यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांची हरकत असणार. प्रश्नोत्तरांना अर्धा तास राखून ठेवला आहे. हरकत घेताना कृपया दृश्य कुठलं, ते सांगा.